विज्ञानाची परीक्षा

सोने खरे की हिणकस, हे सोनार कसोटीच्या दगडावर पाहतो. काळ्या दगडावर सोन्याची रेघ ओढावयाची आणि तिच्या रंगावरून सोन्याचा कस ठरवावयाचा, ही रीत फार जुनी आहे. परंतु तो दगडच चांगला नसेल तर? मग खरे सोनेही हिणकस ठरेल. बाजारातील तराजू आणि वजने सरकारी निरीक्षक ठराविक मुदतीने तपासतात व त्यांवर शिक्का मारतात, ते याच कारणासाठी. ज्याने दुसऱ्याचे माप घ्यावयाचे, त्याचे स्वतःचे माप आधी खरे असले पाहिजे.

शाळेतील परीक्षा हीसुद्धा एक कसोटीच होय. ‘परीक्षा’ हा शब्द मूळचा संस्कृत. ‘परि’ म्हणजे सभोवार आणि ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे. चोहो बाजूंनी नीट पाहणे, हा या शब्दाचा खरा अर्थ. विद्यार्थ्याला विज्ञान कितपत समजले आहे हे ठरविताना आपण खरोखरच चोहो बाजूंनी पाहतो काय? की एकाच बाजूने पाहून निकाल देऊन मोकळे होतो? मुलांनो, हा प्रश्न मला कोणा पंडिताने विचारला नाही. प्राथमिक शाळेच्या सातवीत शिकणाऱ्या एका मुलाने तो मला न बोलता विचारला. ती हकीगत आज तुम्हांला सांगतो.

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात, बाणगंगा नदीच्या काठी ओझर नावाचे गाव आहे. अष्टविनायकांपैकी विघ्नेश्वराचे ओझर ते निराळे. ते पुणे जिल्ह्यात. हे ओझर मुंबई-आग्रा महामार्गावर आहे. सभोवार द्राक्षांचे मळे आहेत, आणि १९६४ मध्ये येथे विमाने बांधण्याचा मोठा कारखाना स्थापन झाला. मिग-२१ ही लढाऊ विमाने याच कारखान्यात तयार होत असत. या परिसरातील एका प्राथमिक शाळेत मी मुख्याध्यापक होतो. माझा विषय मराठी. तरी वार्षिक परीक्षेपूर्वी प्रत्येक विषयाची एक छोटी चाचणी घ्यावी आणि तिच्या उत्तरपत्रिका स्वतः तपासाव्यात, असा माझा परिपाठ असे.

एका वर्षी सामान्य विज्ञानाच्या चाचणीत मी पंचवीस प्रश्न घातले. सर्वांची उत्तरे एकेका शब्दात द्यावयाची होती. तपासावयास सोपे पडावे, एवढाच त्यामागील हेतू. त्यांतील एक प्रश्न असा होता : ‘पाणी किती अंश सेल्सिअस तापमानाला उकळते?’ बहुतेक सर्व मुलांनी ‘१००’ असे लिहिले. एका मुलाने मात्र ‘९८’ असे लिहिले होते. मी तांबड्या शाईने त्यावर फुली मारली आणि पान उलटले.

उत्तरपत्रिका परत दिल्यावर तो मुलगा भीत भीत माझ्याजवळ आला. म्हणाला, “गुरुजी, मी पाहिले होते. प्रयोगाच्या वेळी तापमापी धरावयाचे काम माझ्याकडे होते. पाणी खळखळ उकळत होते, तरी पारा ९८ च्या पुढे सरकला नाही.”

“अरे, पुस्तकात काय दिले आहे?” मी विचारले.

“शंभर.”

“मग झाले तर!” असे म्हणून मी पुढच्या मुलाकडे वळलो. तो काही न बोलता आपल्या जागेवर जाऊन बसला.

महिन्याभराने दुसरी चाचणी झाली. मुलांना घोकण्याचा सराव व्हावा म्हणून मी काही जुनेच प्रश्न पुन्हा घातले होते. त्या मुलाची उत्तरपत्रिका हाती आली. पाण्याच्या प्रश्नापुढे त्याने सुवाच्य अक्षरात ‘१००’ असे लिहिले होते. मी बरोबरची खूण करावयास लेखणी उचलली, आणि माझा हात थांबला. हे उत्तर त्याला कोणी शिकविले? मी शिकविले. कशाच्या बळावर? केवळ माझ्या तांबड्या फुलीच्या बळावर. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट त्याने खोडून टाकली होती, कारण तिला गुण मिळत नव्हते. विज्ञानाच्या परीक्षेत मी त्याला विज्ञानाच्या नेमके उलट वागावयास शिकविले होते.

त्या दिवशी मी विज्ञान शिकविणाऱ्या एका वयोवृद्ध शिक्षकांना गाठले आणि सारी हकीगत सांगितली. ते हसले नाहीत. त्यांनी मला एवढेच विचारले, “गुरुजी, आपले गाव समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे?”

ओझरचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. या उंचीचा आणि पाण्याच्या उकळण्याचा संबंध काय, ते आता पाहू.

आपल्या डोक्यावर हवेचा फार मोठा थर आहे. हवेला वजन असते. त्यामुळे ती प्रत्येक वस्तूवर दाब देते. चंचुपात्रातील पाण्याच्या पृष्ठभागावरही हा दाब असतो. पाणी तापू लागले म्हणजे त्याच्या पोटात वाफेचे बुडबुडे निर्माण होऊ पाहतात; परंतु आरंभी वाफेचा जोर कमी आणि हवेचा दाब अधिक असल्यामुळे ते टिकत नाहीत. पाणी जसजसे अधिक तापते, तसतसा वाफेचा जोर वाढतो. तो हवेच्या दाबाच्या बरोबरीला आला, की बुडबुडे टिकून राहतात, वर येतात आणि फुटतात. यालाच आपण पाणी उकळणे असे म्हणतो. एकदा पाणी उकळू लागले, की खालचा जाळ कितीही वाढविला तरी पाण्याचे तापमान वाढत नाही. वाफ मात्र अधिक वेगाने होते.

आता डोंगरावर गेल्यास काय होईल? तेथे डोक्यावरचा हवेचा थर कमी, म्हणून हवेचा दाबही कमी. वाफेला कमी जोरातच दाबाची बरोबरी साधते आणि पाणी कमी तापमानाला उकळू लागते. ढोबळ मानाने असे धरावे, की दर ३०० मीटर उंचीस पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १ अंशाने उतरतो. मुंबईस समुद्रकाठी पाणी १०० अंशांना उकळत असेल, तर ६०० मीटर उंचीवरील ओझरास ते सुमारे ९८ अंशांनाच उकळेल. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तेथे ते साडेपंचाण्णवच्या आसपास उकळते. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई हे १,६४६ मीटर उंच आहे, तेथे साडेचौऱ्याण्णव. लडाखमधील लेह शहर सुमारे ३,५०० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथे पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळते. म्हणून तेथे उघड्या पातेल्यात डाळ शिजावयास फार वेळ लागतो. याउलट, स्वयंपाकघरातील कुकरमध्ये वाफ कोंडून दाब वाढवितात. तेथे पाणी १२० अंशांच्या आसपास पोहोचते आणि तीच डाळ थोड्या वेळात शिजते.

हवेचा दाब उंचीबरोबर कमी होतो, याचा उपयोग विमानातही होतो. वैमानिकासमोर उंची दाखविणारे एक यंत्र असते. त्यात हवाबंद अशी पातळ धातूची डबी असते. विमान वर गेले म्हणजे बाहेरचा दाब कमी होतो, डबी किंचित फुगते आणि तिला जोडलेला काटा उंची दाखवितो. म्हणजे ज्या नियमाने आमच्या शाळेतील पारा ९८ वर थांबला, त्याच नियमाच्या आधाराने गावाशेजारच्या कारखान्यातील विमाने आपली उंची मोजत होती. आणि मी तेथे राहून त्या मुलाच्या उत्तरावर फुली मारली होती!

तरीसुद्धा त्या शिक्षकांनी मला एक सावधगिरीची सूचना दिली. “मुलगा बरोबर आहे, असे लगेच म्हणू नका. त्याची तापमापीच दोन अंश कमी दाखवीत असेल तर? आधी तापमापीची परीक्षा घ्या.” सूचना मोठी मोलाची होती. पुस्तकातले आहे म्हणून खरे, असे मानणे जसे चूक, तसे मी पाहिले म्हणून खरे, असे मानणेही चूकच.

दुसऱ्या दिवशी आम्ही सातवीच्या वर्गात प्रयोग मांडला. शाळेत तीन तापमाप्या होत्या. एका भांड्यात बर्फाचा चुरा घेऊन तो वितळू दिला. वितळणाऱ्या शुद्ध बर्फाचे तापमान शून्य अंश असते, आणि गावाच्या उंचीमुळे त्यात कळण्याजोगा फरक पडत नाही. त्यात तिन्ही तापमाप्या बुडविल्या. दोहोंनी बरोबर शून्य दाखविले. तिसरीने शून्याच्या खाली अर्धा अंश दाखविला. नंतर चंचुपात्रात स्वच्छ पाणी उकळले. पहिल्या दोन तापमाप्या ९८ वर थांबल्या, तर तिसरी साडेसत्त्याण्णववर. तिसरी दोन्ही ठिकाणी अर्धा अंश कमी दाखवीत होती. तेव्हा दोष तिचा, हे मुलांनीच ओळखले. तो मुलगा एका बाजूला उभा राहून पाऱ्याकडे पाहत होता. मी सर्वांसमक्ष त्याची जुनी उत्तरपत्रिका मागितली, फुली खोडली आणि बरोबरची खूण केली. नंतर पाठ्यपुस्तक उघडून धडा पुन्हा वाचला. त्यात ‘समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाला’ हे शब्द स्पष्ट छापलेले होते. ते शब्द मी प्रश्न काढताना गाळले होते. पुस्तक चुकले नव्हते, मुलगा चुकला नव्हता. चुकला होता तो प्रश्न.

या प्रसंगानंतर विज्ञानाच्या प्रश्नांकडे मी निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. मला असे दिसून आले, की विज्ञानाचे ज्ञान तीन पायऱ्यांचे असते आणि प्रत्येक पायरीची परीक्षा वेगळी असते.

पहिली पायरी स्मरणाची. ‘पाणी किती अंशांना उकळते?’ हा स्मरणाचा प्रश्न. स्मरणाला कमी लेखू नये. पाढे पाठ नसणाऱ्याला हिशेब करता येत नाही, तसे मूळ गोष्टी ध्यानात नसणाऱ्याला पुढचा विचार करता येत नाही. परंतु पहिल्या पायरीवर उभे राहणे म्हणजे घरात पोहोचणे नव्हे.

दुसरी पायरी कारण जाणण्याची. निफाड तालुक्यात थंडी कडाक्याची पडते. कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रात हिवाळ्यात पुष्कळदा राज्यातील नीचांकी तापमानाची नोंद होते. अशा रात्री द्राक्षबागांचे शेतकरी बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवितात, हे तेथील प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. मी प्रश्न विचारू लागलो : ‘आभाळ निरभ्र असेल त्या रात्री थंडी अधिक का पडते? आणि शेकोटीने बाग कशी वाचते?’ याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडत असते. ढग असले म्हणजे ते पांघरुणाप्रमाणे उष्णता अडवितात. आभाळ निरभ्र असले म्हणजे ती मोकळेपणी निघून जाते. जमिनीलगतची हवा थंड होते, आणि थंड हवा जड असल्यामुळे ती वेलींच्या आसपासच साचून राहते. शेकोटीने ती हवा थोडी तापते व हलू लागते. ‘थंड हवा जड असते’ हे वाक्य पाठ असणारी मुले वर्गात पुष्कळ होती. परंतु ते वाक्य आपल्या बागेतील शेकोटीला जोडणारी थोडी. ती जोड ज्याला घालता आली, त्याला धडा समजला.

तिसरी पायरी स्वतः करून पाहण्याची. याचे उदाहरणही ओझरातच मिळाले. वाघाड धरणाचे पाणी कालव्याने या भागास मिळते. १९९० च्या सुमारास समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये, भरत कावळे आदी कार्यकर्त्यांच्या प्रयत्नाने येथील शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था स्थापन केल्या आणि पाणी मोजून घ्यावयाचे व मोजून वाटावयाचे, असा पाठ घालून दिला. वाहते पाणी कसे मोजावयाचे? मी मुलांना पाटाच्या काठी नेले आणि हाच प्रश्न परीक्षेसाठी दिला. साधने फक्त तीन : एक फूटपट्टी, एक दोरी आणि एक घड्याळ.

मुलांनी आधी पाटाची रुंदी मोजली. ती अर्धा मीटर होती. पाण्याची खोली भरली २० सेंटिमीटर. दोरीने काठावर १० मीटर अंतर आखले आणि वरच्या टोकाला पाण्यात वाळलेले पान सोडले. ते खालच्या टोकाला पोहोचावयास २० सेकंद लागले; म्हणजे वेग सेकंदाला अर्धा मीटर. रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार केला. उत्तर आले सेकंदाला ०.०५ घनमीटर, म्हणजे ५० लिटर. एक मुलगी तेवढ्यावर थांबली नाही. ती म्हणाली, “गुरुजी, पान वरच्या पाण्याबरोबर गेले. तळाचे पाणी मातीला घासून जाते, ते हळू जात असेल. मग खरे पाणी ५० लिटरांपेक्षा कमीच असणार.” तिचे म्हणणे यथार्थ होते. पाणी मोजणारे जाणकार लोकही पृष्ठभागावरील वेगाचा सुमारे ८५ टक्के भागच हिशेबात धरतात. त्या मुलीला लेखी चाचणीत कधी फार गुण पडत नसत. चोहो बाजूंनी पाहिले नसते, तर तिच्या अंगचा हा गुण मला कधी दिसलाच नसता.

असा विचार करणारा मी काही पहिला नव्हतो. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांतून एक उपक्रम सुरू झाला होता. तेथे सहावी ते आठवीची मुले प्रयोग करून विज्ञान शिकत. त्यांच्या परीक्षेत पुस्तक उघडून पाहण्यास मोकळीक असे. पुस्तकात जसेच्या तसे उत्तर सापडेल असे प्रश्नच विचारीत नसत. शिवाय हाताने प्रयोग करून दाखवावा लागे. पुढे हा उपक्रम आणखी जिल्ह्यांत पसरला आणि २००२ पर्यंत चालला. आपल्या राज्यात मुंबईतील विज्ञान अध्यापकांच्या संघटनेने १९८१ पासून डॉ. होमी भाभा यांच्या नावाने बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. सहावी व नववीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या या स्पर्धेत लेखी परीक्षेवर काम भागत नाही. पुढे प्रयोगाची परीक्षा असते, आणि एखाद्या प्रश्नाचा स्वतः शोध घेऊन तो परीक्षकांना समजावून सांगावा लागतो.

अशी परीक्षा घेणे सोपे नसते, हेही खरे. एका शिक्षकापुढे पन्नास-साठ मुले असतात, साधने अपुरी असतात, वेळ थोडा असतो. एका शब्दाचे पंचवीस प्रश्न तासाभरात तपासून होतात. पाटावरच्या एका प्रश्नाला अर्धा दिवस लागतो. म्हणून लेखी प्रश्न टाकून द्यावेत असे मी म्हणत नाही. परंतु पंचवीस प्रश्नांत दोन तरी प्रश्न असे असावेत, की ज्यांचे उत्तर मुलाने पुस्तकातून नव्हे, तर स्वतःच्या डोळ्यांनी आणि हातांनी मिळविलेले असेल. आणि तसे उत्तर अपेक्षेहून निराळे आले, तर फुली मारण्यापूर्वी गुरुजींनी विचारावे, “बाळ, हे तुला कसे कळले?” हा एक प्रश्न शंभर प्रश्नांच्या तोडीचा आहे.

मुलांनो, तुमच्याही वाट्याला कधी असा प्रसंग येईल. पुस्तक एक सांगेल आणि तुमचे डोळे दुसरे सांगतील. अशा वेळी पुस्तक फेकून देऊ नका, आणि डोळेही मिटून घेऊ नका. आधी आपले साधन तपासा. मग प्रयोग पुन्हा करा. पुस्तकातील वाक्य पुन्हा एकदा पूर्ण वाचा. त्यातील एखादी अट आपल्या नजरेतून सुटली असेल. तरीही मेळ बसला नाही, तर जाणत्याला विचारा. विचारताना भिऊ नका.

त्या वर्षीच्या वार्षिक परीक्षेत मी तोच प्रश्न मुद्दाम तिसऱ्यांदा घातला. त्या मुलाने या वेळी ९८ लिहिले नव्हते, आणि १०० ही लिहिले नव्हते. त्याने एक पूर्ण वाक्य लिहिले होते : ‘समुद्रकाठी १०० अंशांना, आमच्या गावी ९८ अंशांना, कारण आमचे गाव उंचावर आहे.’

त्या प्रश्नाला एकच गुण ठेवलेला होता. तो मी त्याला दिला. परंतु त्या दिवशी परीक्षेत उत्तीर्ण झालो तो मी, असे मला आजही वाटते.

स्वाध्याय

१. मुलाने दुसऱ्या चाचणीत ‘१००’ असे लिहिलेले पाहून लेखकाचा हात का थांबला?
२. तिसऱ्या तापमापीत दोष आहे, हे मुलांनी कशावरून ओळखले?
३. स्मरण, कारण आणि कृती या तीन पायऱ्यांसाठी तुमच्या परिसरातील एकेक प्रश्न तयार करा.
४. तुमचे गाव समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे ते शोधा आणि तेथे पाणी किती अंशांना उकळेल, याचा अंदाज करा. नंतर शिक्षकांच्या देखरेखीखाली प्रयोग करून तो पडताळून पाहा.